आकाराम मिस्त्रीचा अंगठा

मोटार घेऊन कुणीही आलं, तरी आकाराम मिस्त्री बॉनेटला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा. "कशी मेली?"

मोटारमालकांना हा प्रश्न अपशकुनी वाटे. "अरे, बंद पडलीया, चालू कर म्हंजे झालं," असं ते म्हणत. पण आकाराम हटून बसायचा. "झटक्यात मेली का खोकत मेली, ते आधी सांगा. झटक्यात मेली आसंल तर आग गेली. आचकं देत, खोकत मेली आसंल तर पेट्रोल गेलं. तुमास्नी ठावं नसंल तर डायवरला पाठवा. त्यालाबी ठावं नसंल तर ह्यो पाना तुमीच घ्या." आणि खरोखरच समोरच्याच्या हातात पाना देऊन तो बाहेरच्या दगडावर तंबाखू मळत बसायचा.

शाहूपुरीच्या मागच्या अंगाला एका लाकडाच्या वखारीला टेकून त्याचं पत्र्याचं खोपट होतं. मूळचा तो बिद्रीकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. लढाईच्या काळात लष्करी वर्कशॉपात चार वर्षं काढली, तिथं त्याच्या हातात पाना आला. तिथंच फिरत्या पंख्याच्या पात्यानं त्याच्या उजव्या अंगठ्याच्या पेरावर एक आडवी चीर पाडली. जखम भरली, पण चीर राहिली. जमिनीत नांगराचं तास उठावं तशी ती दिसे.

लष्करातनं आल्यावर त्यानं एक नियम धरला होता. कारण सापडल्याशिवाय नवीन पार्ट घालायचा नाही. "कारण न बघता पार्ट बदलतोय त्यो मिस्त्री न्हवं, त्यो दुकानदार," असं तो दुकानदारांच्या तोंडावर म्हणे. "मोटारीला तीन गोष्टी लागत्यात. आग, पेट्रोल आन् वारा. तिन्ही मिळाल्या की तिला चालावंच लागतंय. न्हाय चालली तर तिघांतलं कोणतरी गैरहजर हाय. त्याला हुडका."

त्याची बायको बनाबाई खोपटाच्या दाराशी धान्य निवडत बसलेली असे. मोटारींचे आवाज तिलाही कळू लागले होते. ती म्हणायची, "मोटारीला एवढं इचारता, कधी मला इचारलं का, कशी हाईस म्हणून?"

"तू बंद पडलीयास कवा?" आकाराम म्हणायचा, आणि पुन्हा मोटारीखाली सरकायचा.

कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्या वर्षीची गोष्ट. हंबीररावांची मोटार उतारू घेऊन कोल्हापूर-कागल-मुरगूड अशी धावत असे. लढाईतनं उरलेली जुनी लष्करी गाडी त्यांनी घेतली होती आणि तिच्यावर कोल्हापुरात लाकडी बॉडी बांधून घेतली होती. गाडी म्हातारी, पण अंगानं दणकट. चालवायला सयाजी होता. तो मुरगूडचाच, तिशीतला, कमी बोलणारा. आकारामच्या "कशी मेली?"ला सरळ उत्तर देणारा सगळ्या कोल्हापुरात हा एकच ड्रायव्हर. तो नुसतं उत्तर देत नसे. किती मैलांवर, कितव्या गिअरात, आवाज आधी बदलला की मागनं, सगळं सांगे. आकारामचा त्याच्यावर जीव होता तो यासाठीच.

त्या साली खंडेनवमीला हंबीररावांची मोटार आकारामच्या खोपटात होती. हत्यारांची पूजा झाली. पाने, हातोडे, घण, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. मग मोटारीची पाळी आली. चाकांना, पुढनं घालून मोटार चालू करायच्या लोखंडी हँडलला, बॉनेटला कुंकू लावून झाल्यावर बनाबाईनं विचारलं, "आन् हिचं तोंड कुठलं? निवद कुठं दाखवू?"

"खाती कुठनं? टाकीतनं. तेच तोंड," आकाराम म्हणाला. ड्रायव्हरच्या दाराखाली पेट्रोलच्या टाकीचं गोल पितळी झाकण होतं. बनाबाई हळदकुंकू घेऊन पुढं झाली, तर त्यानं तिला थांबवलं. "हळदकुंकू वाऱ्यानं उडून जातंय. शेंदूर आण. आकारामची पूजा पुढल्या दसऱ्यापतूर टिकली पायजे." तेलात कालवलेला दाट शेंदूर त्यानं अंगठ्यावर घेतला आणि झाकणाच्या बरोबर मध्यभागी दाबून लावला. सयाजीनं हात जोडले.

त्याच आठवड्यात मुरगूडच्या बाजारादिवशी मोटार बंद पडली.

कागल सोडून चार मैल गेल्यावर ती खोकली, दोनदा उचल खाल्ली आणि गप झाली. सयाजीनं पेट्रोलची नळी सोडली, तोंडानं जोरात फुंकली, परत जोडली. मोटार चालू झाली. पण तोवर मागनं दुसऱ्या मालकाची पिवळी गाडी आली होती, आणि घाईतले निम्मे उतारू तिच्यात जाऊन बसले होते.

पुढचे सहा दिवस मोटारीनं कसली कुरकुर केली नाही. सातव्या दिवशी, बाजारालाच, ती परत बसली. परत पिवळी गाडी आली, परत उतारू गेले. सयाजीनं सगळं जसंच्या तसं येऊन सांगितलं. खोकत मेली, फुंकल्यावर चालली. आकाराम म्हणाला, "टाकीत कचरा हाय. नळीच्या तोंडाशी येऊन बसतोय." त्यानं टाकी उतरवली, आत साखळी घालून खळाखळा हलवली, धुतली. नळ्या, पंप, कार्ब्युरेटर, सगळं रॉकेलच्या परातीत घालून लख्ख केलं. टाकीचं झाकण तेवढं परातीत घातलं नाही. त्याच्यावर शेंदूर होता. ते त्यानं फळीवर देवाच्या तसबिरीपाशी ठेवलं आणि काम संपल्यावर नमस्कार करून जागेवर बसवलं.

"आता बंद पडली तर माझं नाव बदला," त्यानं हंबीररावांना सांगितलं.

तिसऱ्या बाजारी मोटार बंद पडली. कागलच्या पुढं, पाच मैलांवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीरराव स्वतः खोपटाच्या दारात उभे राहिले. पांढरं धोतर, गुलाबी फेटा, आवाज असा की वखारीतले लोकही करवत थांबवून ऐकू लागले. मागं सयाजी मान खाली घालून उभा होता.

"मिस्त्री, तुझं नाव बदलायला आलो न्हाय मी. मोटारीला कायबी झालेलं न्हाय. माणूस बिघडलाय, माणूस!"

"कोण माणूस?"

"ह्यो! इतर दिवशी मोटार हरणावानी पळती. आन् बाजारादिवशी, पन्नास उतारू असत्यात तवाच, बरोबर पिवळ्या गाडीच्या पुढं जाऊन बसती. मोटारीला पंचांग कळतंय व्हय? त्या पिवळ्यावाल्यानं फोडलाय ह्याला!"

सयाजीचे कान लाल झाले. आकारामनं हातातला पाना खाली ठेवला.

"मालक, चावी बंद केली तर मोटार झटक्यात मरती. ही खोकत मरती. उतारूंना इचारा."

"मला शिकवू नगंस. पेट्रोलचा कॉक बंद केला तरी खोकतच मरंल की!"

हे खरं होतं. हंबीररावांना मोटार कळत होती, आणि तीच अडचण होती. आकाराम सयाजीच्या आणि मालकाच्या मधे जाऊन उभा राहिला.

"ह्या माणसानं मला आजपतूर मोटारीबद्दल एक खोटा शबुद सांगितलेला न्हाय. खोटं बोलणारा एवढं बारीक बघत न्हाय, मालक. मोटार आजारी हाय. माझ्यानं घावलं न्हाय, त्यो माझा दोष. त्याचा न्हवं."

"मग हुडक की! येत्या बाजारी मी सोता पुढं बसतो. मोटार पडली तर मुरगूडच्या बाजारात, समद्या गावासमोर, ह्याच्या हातनं हँडल काढून घेतो. मग बघू कोण ह्याला मोटारीवर घेतंय."

सयाजीनं पहिल्यांदाच मान वर केली. मुरगुडात त्याचे म्हातारे आई-बाप होते, दोन पोरी होत्या. फितूर म्हणून उतरवलेल्या ड्रायव्हरला कोणताच मालक ठेवून घेणार नव्हता, हे तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना कळत होतं.

"मीबी येतो," आकाराम म्हणाला. "मोटार पडली, तर पिवळी गाडी यायच्या आत कारण दावतो. न्हाय दावलं तर ह्या खोपटाला कुलूप लावून बिद्रीला औत हाकायला जातो. पर कारण घावस्तवर हँडलला हात लावायचा न्हाय. ऐकलं का, मालक?"

असं मालकाशी शाहूपुरीत कुणी बोलत नसे. हंबीररावांनी मिशीवरनं हात फिरवला आणि ते निघून गेले.

"खोपटाला कुलूप," बनाबाई सुपातनं वर न बघता म्हणाली. "किल्ली माझ्याकडं द्या म्हंजे झालं. तुमी हरवशीला."

आकारामनं तो आठवडा एका प्रश्नात घालवला. बाजारादिवशी वेगळं काय असतं? सयाजीला त्यानं खोदून खोदून विचारलं. उतारू जास्त, टपावर ओझं जास्त, दोन फेऱ्या, आणि टाकी काठोकाठ भरलेली. पेट्रोल अजून परमिटावर मिळे, म्हणून एरवी टाकीत चार-पाच गॅलनच असे. टाकीचा काटा कधीच मोडलेला, त्यामुळं रोज सयाजी झाकण काढून काठी घालून बघे. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मात्र टाकी गळ्यापर्यंत भरत, मग काठी घालायचं कारण नसे.

आकारामनं एका साध्या दिवशी मोटारीत वाळूची पोती भरली आणि कागलच्या पुढं सहा मैल नेऊन आणली. मोटार हूं की चूं न करता गेली आणि आली. म्हणजे ओझं नव्हे. उरली भरलेली टाकी. पण पेट्रोल पोटभर असताना मोटार पेट्रोलवाचून मरते, हे त्याला काही केल्या पचेना. जेवताना तो मधेच थांबून म्हणे, "भरल्या ताटावर उपाशी?" बनाबाईला वाटे, भाजी तिखट झाली असावी.

बाजाराचा दिवस उजाडला. हंबीरराव सयाजीच्या शेजारी बसले. हँडल त्यांनी स्वतःच्या पायाखाली ठेवून घेतलं होतं. आकाराम दाराशी उभा राहिला. मागं कोंबड्या, मिरच्यांची पोती, गाठोडी आणि माणसं खचाखच भरली होती. त्यांत कागलला चढलेली अंबूबाई होती. ती दर बाजाराला कोंबड्या घेऊन जायची, आणि तिन्ही वेळा वाटेत अडकली होती.

"आज कुठं थांबायचं, मालक?" ती मागनं ओरडली. "मी भाकरी बांधूनच आणलीया!"

सगळी मोटार हसली. हंबीररावांचा फेटा हलला नाही.

कागल मागं पडलं. तीन मैल गेले. चार. आकारामचा कान इंजिनाकडं होता. आवाज जरा पातळ झाला, आणि सयाजी हळूच म्हणाला, "आली." मोटार खोकली. एक हिसका, दुसरा हिसका. मग ती रस्त्याच्या कडेला, उसाच्या फडापाशी, गप उभी राहिली.

हंबीररावांनी वाकून कॉक बघितला. उघडा होता. सयाजीचे दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर होते.

"कॉक उघडा हाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज थोडा उतरला होता, पण लगेच चढला. "मग दुसरी कायतरी कळ केली आसंल. तूच शिकवली आसशील!"

"मी शिकवली आसंल तर मलाच हुडकू द्या की," आकाराम म्हणाला. "सयाजी, उतर. कशाला हात लावू नगंस. फुकायचं न्हाय, काय न्हाय."

उतारू खाली उतरून गोल करून उभे राहिले. आकारामनं बॉनेट उघडलं. प्लगची वायर काढून लोखंडाजवळ धरली आणि तो मालकाला म्हणाला, "हँडल मारायला सांगा कुणालातरी." एका पैलवान गड्यानं हँडल मारलं. वायरीतनं निळी ठिणगी चटकन उडाली आणि आकारामच्या हाताला झटका देऊन गेली. "आग हजर," तो हात झटकत म्हणाला. कार्ब्युरेटरची वाटी उघडली. आत कोरडं ठणठणीत. "पेट्रोल गैरहजर." पंप उघडून बघितला. पंपाचा पडदा वर-खाली होत होता, पण ओढायला काहीच येत नव्हतं. हंबीररावांनी गड्याकडनं हँडल घेऊन परत आपल्या बैठकीखाली ठेवलं.

त्यानं टाकीकडनं येणारी नळी पंपापासून सोडवली. दर वेळी सयाजी इथंच फुंकत असे. आकाराम फुंकणार नव्हता. कचरा असेल तर फुंकल्यानं मागं जातो आणि पुरावाच पळतो. तो ओढून बघणार होता. त्यानं नळीचं तोंड जिभेला लावलं.

आणि नळीनंच त्याची जीभ ओढली.

त्यानं दचकून तोंड मागं घेतलं. परत लावलं. परत तेच. जीभ नळीला चिकटली आणि टचकन सुटली. टाकी पेट्रोल द्यायचं सोडून आत ओढून धरत होती.

"काय झालं?" हंबीररावांनी विचारलं.

आकाराम टाकीपाशी गेला, गुडघ्यावर बसला, झाकणाला कान लावला आणि झाकण अगदी सावकाश फिरवलं. फुस्स. रडून रडून थकलेलं पोर शेवटी एक लांब श्वास आत घेतं, तसा आवाज. सगळ्यांनी ऐकला. आणि इकडं सोडलेल्या नळीतनं पेट्रोलची धार रस्त्यावर पडू लागली.

"कॉक बंद कर, सयाजी!" आकाराम ओरडला. मग त्यानं झाकण हातात घेऊन उलटं केलं. आतल्या बाजूला मधोमध सुईएवढं भोक होतं, वारा जायला ठेवलेलं. झाकण सुलटं केलं. वरच्या बाजूला त्या भोकावर शेंदूर वाळून दगड झाला होता.

शेंदरात एक अंगठा उमटलेला होता. अंगठ्यावर आडवी चीर होती.

आकाराम बघत राहिला. पाठ सगळ्यांकडं होती. नखानं एकदा खरवडलं असतं तर शेंदूर निघाला असता, आणि 'भोकात माती गेलती' असं म्हणायला कुणाची हरकत नव्हती. सयाजी सुटला असता. आकाराम मिस्त्रीचं नावही राहिलं असतं. दूर कागलच्या बाजूला धुरळा दिसू लागला होता. पिवळी गाडी येत होती.

तो उठला, वळला, आणि झाकण हंबीररावांच्या नाकासमोर धरलं.

"ह्ये बघा कारण. टाकीला वारा घ्यायला भोक असतंय, ते बुजलंय. पेट्रोल जाईल तसा आत वारा याला पायजे. येत न्हाय, म्हणून टाकीच उलटं ओढती. अर्धी टाकी आसंल तर आतलाच वारा पुरतोय, आन् रोज सयाजी काठी घालाय झाकण काढतोय, तवा नवा वाराबी जातोय. टाकी काठोकाठ आसंल तर वाऱ्याला आत जागाच न्हाय, कागलच्या पुढं जाईस्तवर ओढ बसती. म्हणून बाजारादिवशी. पंचांगाचा संबंध न्हाय आन् पिवळ्या गाडीचाबी न्हाय."

"आगं बया," अंबूबाई कोंबडी काखेत धरून पुढं आली. "म्हंजे तेलाच्या डब्यागत की! वाणी एकच भोक पाडून देत न्हाय, दोन पाडतोय. न्हाईतर तेल गळतंय व्हय?"

"तेच, आजी. मला तीन आठवडं जे कळलं न्हाय ते तुला कळलं."

"आन् बुजवलं कुणी?" हंबीररावांनी शेंदराकडं बघत विचारलं.

आकारामनं आपला उजवा अंगठा वर केला आणि शेंदरातल्या ठशाशेजारी धरला. चिरेला चीर लागली.

"मी. खंडेनवमीला. माझी पूजा वरीसभर टिकावी म्हणून. सगळी मोटार रॉकेलात धुतली, पर ह्ये झाकण धुतलं न्हाय, देवापाशी ठेवलं. वारा हुडका म्हणून जगाला सांगतोय, आन् वाऱ्याचं तोंड मीच लिंपलं."

कुणीतरी हसलं. मग चार-सहा जण हसले. आकाराम हसणं थांबेपर्यंत तसाच अंगठा वर करून उभा राहिला. मग म्हणाला, "हसून झालं? माझी चूक मी पन्नास माणसांत सांगितली. आता तुमची राहिली, मालक."

"माझी कसली?"

"माझ्या दारात, वखारीतल्या लोकांसमोर, ह्याला फितूर म्हणालासा. त्ये परत घ्या."

हंबीररावांचा चेहरा फेट्याहून गडद झाला. "मिस्त्री, तोंड सांभाळ. मालकानं डायवरची माफी मागायची व्हय?"

"माफी नगं. मोटार चालू करायची हाय. हँडल तुमच्या बैठकीखाली हाय. तुमी मारा. ह्यो चाकावर बसतोय."

एवढं बोलून त्यानं खिशातनं टाचणी काढली, भोक मोकळं केलं, झाकण बसवलं, नळी जोडली आणि बाजूला होऊन दोन्ही हात कमरेवर ठेवले. सयाजी पुटपुटला, "मिस्त्री, जाऊ द्या, मी मारतो की." आकाराम त्याच्याकडं न बघता म्हणाला, "चाकावर बस."

पिवळी गाडी येऊन थांबली. तिच्या ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "चला चला, मुरगूड, मुरगूड! बसा पावणं!"

कुणीच हललं नाही. सगळे हंबीररावांकडं बघत होते. मालक माणूस हँडल मारताना त्या रस्त्यानं कुणी बघितला नव्हता.

हंबीरराव मोटारीत वाकले, हँडल काढलं, धोतराचा सोगा कमरेला खोचला आणि मोटारीच्या तोंडाशी आले. पहिल्या फेऱ्याला काहीच झालं नाही. दुसऱ्याला फेटा घसरला, तो त्यांनी सावरला नाही. तिसऱ्या फेऱ्याला म्हातारी मोटार गुरगुरली, अंग झाडलं आणि धडधडत चालू झाली. हंबीरराव घामेजलेल्या चेहऱ्यानं ड्रायव्हरच्या दाराशी गेले आणि हँडल सयाजीच्या हातात दिलं.

"ठेव तुझ्यापाशी," ते म्हणाले. "तुझं हाय."

पिवळ्या गाडीचा ड्रायव्हर दोनदा भोंगा वाजवून रिकामाच पुढं गेला. अंबूबाईनं त्याच्या दिशेनं भाकरीचं गाठोडं हलवलं.

मुरगूडच्या बाजारात ती गोष्ट मोटारीच्या आधी पोचली की काय, असं वाटावं इतक्या लवकर पसरली. कोल्हापुरात तर शेंदराचा मिस्त्री म्हणून आकारामला कित्येक दिवस चिडवत. तो चिडत नसे. अंगठा वर करून दाखवी आणि विचारी, "तुझी कशी मेली, त्ये सांग."

पुढल्या खंडेनवमीला हंबीररावांची मोटार परत खोपटात आली. सयाजीनं सुचवलं, "मिस्त्री, यंदा हळदकुंकूच लावूया."

"का म्हणून? एकदा चुकली म्हणून पूजा सोडायची व्हय? शेंदूरच लागणार. तिथंच लागणार."

त्यानं अंगठ्यावर शेंदूर घेतला आणि झाकणाकडं वळला. बनाबाईनं त्याचा हात मधेच धरला. दुसऱ्या हातात बाभळीचा एक लांब काटा होता. तो तिनं भोकात नीट उभा केला आणि ती म्हणाली, "आता लावा. वाळल्यावर काटा मी काढीन. तुमी तवर दुसरीकडं जीभ लावून बघत बसशीला."

आकारामनं काट्याच्या भोवतीनं शेंदूर दाबला. पुढं सरकारी गाड्या त्या रस्त्याला आल्या आणि हंबीररावांची मोटार कायमची थांबली. तोवर दर खंडेनवमीला, काटा उभा करून, हे चालू राहिलं.